"दिल्लीचं आलं का?" सरकारी अनुदान नावाच्या सेवेवर एका हिशेबनीस बाईचा अभिप्राय

सेवा: स्वयंसेवी संस्थांना मिळणारं सरकारी सहायक अनुदान. देणारे: थोडं दिल्ली, थोडं मुंबई. घेणारे: बौद्धिक दिव्यांग मुलांची एक निवासी शाळा आणि एक बालगृह. दोन्हींचे हिशेब मी लिहिते. तारे: पाचपैकी अडीच.

अडीच ऐकून शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अगं, जपून लिही बाई. उद्या फाईल अडकली तर?" म्हणून संस्थांचं, गावाचं, कचेरीचं नाव इथे येणार नाही. नियम मात्र क्रमांकानिशी येतील. नियम सगळ्यांचे असतात, आणि त्यातले बरेचसे संस्थेच्या बाजूचे आहेत हे खुद्द संस्थांनाच ठाऊक नसतं.

आधी चांगलं बोलते. दिव्यांग मुलांच्या शाळांसाठी केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे. तिचे दर १ एप्रिल २०१८ पासून सुधारले. ठरलेल्या दरांप्रमाणे प्रकल्पाचा जो खर्च मान्य होतो त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत सरकार देतं, उरलेले संस्थेने उभे करायचे. नव्वद टक्के देणारा दुसरा दाता मी पाहिलेला नाही. आणि देतं कशाला? तर रात्री मुलांजवळ झोपणाऱ्या ताईंचं मानधन, विशेष शिक्षकांचं मानधन, जेवणखाण, भाडं. कंपन्या बस देतात आणि बसवर स्वतःचं नाव रंगवून घेतात. देणगीदार वाढदिवसाला गोडाधोडाचं जेवण देतात. पण स्वयंपाकाच्या मावशींचा सप्टेंबर महिन्याचा पगार कोण देणार? त्याचा फोटो निघत नाही, त्याला फीत कापता येत नाही. हे कंटाळवाणे खर्च वर्षानुवर्षं उचलणारा गिऱ्हाइकाला एकच सापडतो, आणि तो म्हणजे सरकारी तिजोरी. अडीचमधले दोन तारे निव्वळ याचे.

ही पद्धत आजची नाही. केंद्रीय समाजकल्याण मंडळ १९५३ च्या ऑगस्टात स्थापन झालं आणि दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. गावोगावच्या महिला मंडळांना, बालवाड्यांना लहान लहान अनुदानं देणं हे मंडळाचं मुख्य काम होतं. त्याच वर्षी जानेवारीत दुर्गाबाईंचं लग्न चिंतामणराव देशमुखांशी झालं होतं, आणि चिंतामणराव तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते. म्हणजे अनुदान मागणारी आणि तिजोरीची किल्ली सांभाळणारा एकाच छपराखाली! आमच्या फाईलला तेवढं भाग्य नाही. तिला जिल्हा, राज्य, दिल्ली असा तीन मुक्कामांचा प्रवास आहे.

आणि तक्रार त्या प्रवासाचीच आहे. रक्कम कमी पडते, ती सगळीकडेच कमी पडते, त्याचं मला फार काही वाटत नाही. बालगृहाचंच घ्या. बालसंरक्षणाच्या मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संस्थेत राहणाऱ्या मुलामागे महिन्याला ३,००० रुपये. दिवसाचे शंभर झाले. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, कपडे, साबण, तेल, वह्या, सर्दीतापाचं औषध. ओढाताण होते, पण आकडा ठाऊक असला की त्यात बसवता येतं. मावशी बसवतात, मी बसवते. जे बसवता येत नाही ते म्हणजे आकडा कधी येणार हे ठाऊक नसणं.

शाळेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मुलं त्या दिवशीही जेवतात. वर्षभराचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग जिल्हा पातळीवरून तपासणी, अहवाल, राज्याची शिफारस, मग केंद्राची छाननी, त्रुटी, त्रुटीपूर्तता, मंजुरीचा आदेश, आणि शेवटी पैसे. यातली प्रत्येक पायरी एकेकटी पाहिली तर रास्त आहे. तपासणी हवीच; कागदावरच्या शाळा या राज्याने भरपूर पाहिल्या आहेत. पण सगळ्या पायऱ्या एकामागोमाग एक चढायच्या असल्याने आमच्याकडे पैसे येतात तेव्हा ज्या वर्षासाठी ते आहेत ते वर्ष संपत आलेलं असतं किंवा संपून गेलेलं असतं. नाव अनुदान, वागणूक प्रतिपूर्तीची. आधी तुम्ही खर्च करा, पावत्या ठेवा, मग बघू.

मधल्या काळात शाळा कशी चालते हे बघायचं असेल तर आमच्या किराणावाल्या काकांच्या दुकानात या. लाल पुठ्ठ्याची लांबट वही आहे, आमच्या शाळेची वेगळी. तांदूळ, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, तेलाचे डबे. डाव्या बाजूला माल, उजव्या बाजूला जमा, आणि उजवी बाजू महिनोन् महिने कोरी. काका कधी तगादा लावत नाहीत. फक्त मी दिसले की पावसाची चौकशी करावी तशी चौकशी करतात, "ताई, दिल्लीचं आलं का?" मी म्हणते, "नाही हो काका अजून." ते म्हणतात, "येईल, येईल," आणि साखर तोलायला लागतात. भारत सरकारच्या या योजनेतला खरा वित्तपुरवठादार हा माणूस आहे. कुठल्याही मंजुरी आदेशात त्याचं नाव नाही.

काका थांबतात. पगार थांबत नाहीत. त्यासाठी संस्था पतपेढीतून कर्ज काढते, एखाद्या विश्वस्तांकडून हातउसने घेते. आणि इथे या सेवेतला सगळ्यात खटकणारा भाग येतो.

केंद्राचे सामान्य वित्तीय नियम २०१७ सालचे आहेत, सगळे त्यांना जीएफआर म्हणतात. त्यातला नियम २३०(८) सांगतो की अनुदानाच्या रकमेवर मिळालेलं व्याज किंवा इतर उत्पन्न हिशेब अंतिम झाल्यावर भारताच्या एकत्रित निधीत भरायचं. मला हा नियम पटतो. पैसा जनतेचा, तर व्याजही जनतेचं. एका वर्षी पैसे आल्या आल्या थकलेल्या पगारात आणि काकांच्या वहीत गेले, बचत खात्यात टिकलेच नाहीत, त्यामुळे व्याज इतकं किरकोळ निघालं की चहाबिस्किटांत संपलं असतं. तरी मी ते सरकारी भरण्याच्या भारतकोष पोर्टलवर रीतसर भरलं, पावती छापली, फाईलला लावली. आता याच न्यायाने मला सांगा, पैसे उशिरा आले म्हणून संस्थेने जे कर्ज काढलं त्याचं व्याज कुणाचं? ते संस्थेचं. मंजूर खर्चाच्या यादीत व्याज ही बाबच नाही. म्हणजे सरकारचे पैसे आमच्याकडे पडून राहिले तर त्याचं व्याज सरकारला, आणि आमचे पैसे सरकारकडे अडकले तर त्याचंही व्याज आम्हीच भरायचं. दोन्ही बाजूंनी एकच गिऱ्हाईक. वर ते १० टक्के संस्थेच्या वाट्याचे असतात ना, त्यात हे व्याज धरत नाहीत, ते वेगळंच.

हे एकदा मी तपासणीला आलेल्या साहेबांना विचारलं. चांगला माणूस होता, मुलांशी गप्पा मारत बसला होता. हसून म्हणाला, "मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण याला लेखाशीर्ष नाही."

लेखाशीर्ष म्हणजे हिशेबात खर्च ज्या सदराखाली टाकायचा ते सदर. त्यावरून उपयोगिता प्रमाणपत्राकडे येते, म्हणजे मिळालेले पैसे कशावर खर्चले त्याच्या दाखल्याकडे. बोलताना सगळे यूसी म्हणतात. नमुना जीएफआर १२-क, संस्थांसाठीचा. मला तो नमुना आवडतो हे आधी कबूल करते. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला चांगला तक्ता दिसला की बरं वाटतं. मागच्या वर्षांची अखर्चित शिल्लक, त्यावरचं व्याज, सरकारकडे परत भरलेलं व्याज, वर्षभरात मिळालेलं अनुदान, एकूण उपलब्ध निधी, झालेला खर्च, अखेरची शिल्लक. खाली सर्वसाधारण, वेतन आणि भांडवली मालमत्ता अशी फोड. अगदी नेटकं. फक्त ज्याने हा तक्ता आखला त्याच्या डोळ्यासमोर एक सुखी संस्था होती, जिला एप्रिलमध्ये पैसे मिळतात आणि मार्चमध्ये थोडे उरतात. आमच्याकडे अखर्चित शिल्लक शून्य, मिळालेलं अनुदान शून्य, खर्च मात्र लाखांत. उपलब्ध निधीतून खर्च वजा केला की अखेरची शिल्लक ऋण येते. ऋण शिल्लक लिहून पाठवली तर फोन.

"मॅडम, शिल्लक मायनस कशी काय?"

"साहेब, पैसे यायचेत म्हणून."

"मग खर्च कुठून केला?"

"उधारीवर."

"उधारीचा ठराव जोडा."

जोडला. कार्यकारिणीच्या इतिवृत्तातला उतारा, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांनिशी: मुलांना जेवू घालण्यासाठी उधारी करण्यास मान्यता देण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.

आणि हो, त्या नमुन्याच्या तळाशी वित्त विभागप्रमुखाची सही लागते. आमच्याकडे ती मीच करते. कोठीघराच्या खोलीत माझं टेबल आहे, मागे कडधान्यांचे डबे. पद भारदस्त आहे, पगार मात्र त्याच मंजूर दरपत्रकातला.

पावत्यांचं थोडक्यात सांगते, कारण हे दुखणं सगळ्यांचं सारखं आहे. लेखापरीक्षकाला पक्कं बिल हवं. आठवडी बाजारात मेथीच्या जुड्या विकणाऱ्या आजी पक्कं बिल देत नाहीत. मग आम्ही व्हाउचर लिहितो, आजींचा अंगठा घेतो, पुढच्या बाजारी पुन्हा घेतो. आता त्या मला बघितलं की आधी अंगठा पुढे करतात, मग मेथी. मॉलमधून भाजी आणली तर पक्कं बिल मिळेल आणि भाव दीडपट. सरकारी पैसा वाचवायचा की सरकारी पैशाचा पुरावा, यात पुरावा जिंकतो. मी अजून आजींकडूनच घेते. आमच्या सीएंना ते चालतं, नशीब.

तसंच डेडस्टॉकचं, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदीचं. अनुदानातून घेतलेली वस्तू मंजुरीशिवाय विकता, मोडता येत नाही. नियम योग्य. पण आमच्या जिन्याखाली एक चाक निखळलेली व्हीलचेअर, तळाला भोक पडलेला कुकर आणि एक निकामी संगणक बरीच वर्षं रहिवासी आहेत. निर्लेखनाचं, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचं, पत्र दिलेलं आहे. दरवर्षी मार्चअखेर मी त्यांची शिरगणती करून नोंदवहीत "उपलब्ध" असं लिहिते.

पोर्टलांबद्दल लोक फार कुरकुर करतात. मी करणार नाही, कारण मला आधीचे दिवस आठवतात. धनाकर्ष निघाला म्हणून कळायचं आणि तो टपालात कुठे आहे ते कुणाला सांगता यायचं नाही. आता नीती आयोगाच्या एनजीओ दर्पणवर फुकट नोंदणी होते, संस्थेला एक ओळख क्रमांक मिळतो, आणि केंद्राच्या कुठल्याही अनुदानाला तोच लागतो. पैसे पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून थेट खात्यात पडतात. ही प्रणाली महालेखानियंत्रकांच्या कार्यालयाने उभी केली, २००८ च्या सुमारास तिचं नाव वेगळं होतं. आता कुठे काय अडलंय ते निदान कळतं. मधल्या माणसाला "तेवढं बघा की" म्हणायची सोय गेली, आणि ती गेली हे फार बरं झालं. उरलेला अर्धा तारा याचा.

उणीव एवढीच की पोर्टलं एकमेकांशी बोलत नाहीत. आयकर नोंदणी वेगळी, धर्मादाय नोंदणी वेगळी, दर्पण वेगळं, अनुदानाचं ई-अनुदान वेगळं, कंपन्यांचा सामाजिक निधी, म्हणजे सीएसआर, घ्यायचा तर सीएसआर-१ वेगळा, दिव्यांग हक्क कायदा २०१६ खालची नोंदणी आणखी वेगळी. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो मंजूर होईपर्यंत धर्मादायच्या परिशिष्टावर जुनं नाव आणि बाकी ठिकाणी नवं. छाननी करणाऱ्याला दोन नावं दिसली की त्रुटी. त्रुटी निघाली की फाईल खाली. खरी माहिती भरल्याचीच ही शिक्षा आहे.

आता अर्थसंकल्प. दरवर्षी १ फेब्रुवारीला संस्थाचालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आनंदाची लाट येते: आपल्या योजनेची तरतूद वाढली! मी तो दिवस सोडून देते. दुसऱ्या दिवशी शांतपणे खर्चाच्या अर्थसंकल्पातलं आपल्या खात्याचं पान उघडते आणि योजनेची ओळ शोधते. तिथे शेजारी शेजारी रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. टीव्हीवर शेवटचा रकाना सांगतात. तुम्ही दुसरा आणि तिसरा बघा. मूळ तरतूद मोठी आणि सुधारित अंदाज लहान असेल तर समजायचं की पैसे होते, पण वर्षभरात वाटले गेले नाहीत. आणि ते वाटले न गेल्याचं एक मोठं कारण म्हणजे अर्ज पायऱ्यांवर अडकले. मग पुढच्या वर्षी "खर्च होत नाही" म्हणून तरतुदीला कात्री. आमच्या फाईलचा उशीर असा फिरून आमच्याच अंगावर येतो.

तपशीलवार मागण्यांमध्ये आणखी आत गेलात तर उद्दिष्टशीर्ष, म्हणजे खर्चाच्या प्रकारांचे क्रमांक, ३१, ३५ आणि ३६ दिसतील. ३१ म्हणजे सर्वसाधारण सहायक अनुदान, ३५ भांडवली मालमत्तेसाठी, ३६ वेतनासाठी. एका शीर्षातला पैसा संस्थेने मनाने दुसऱ्यात वापरायचा नाही. छपराची गळती वेतनाच्या पैशातून थांबवली तर तो गुन्हाच समजा, पाऊस कितीही असो.

राज्याच्या बाजूला वेगळीच भाषा आहे. तिथे "तरतूद आहे, वितरण नाही" हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा ऐकावं लागतं की पुढे झोपेतही म्हणाल. विधिमंडळाने मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर केला म्हणजे पैसे मंजूर झाले असं आपल्याला वाटतं. तसं नाही. वित्त विभागाने बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर निधी सोडायला हवा, तो खात्याकडून जिल्ह्याला वितरित व्हायला हवा, आहरण व संवितरण अधिकाऱ्याने, म्हणजे पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्याने, देयक कोषागारात द्यायला हवं. बालगृहाचं अनुदान तर केंद्र आणि राज्य ६० आणि ४० च्या वाट्याने देतात. केंद्राचा हप्ता आला तर राज्याचा हिस्सा यायचा असतो, राज्याचा आला तर केंद्राचा. नवरदेव आला तर भटजी नाही, भटजी आला तर मुहूर्त टळलेला, असं काहीतरी. बालगृहातल्या मुलांना अर्थातच केंद्राच्या वाट्याची आणि राज्याच्या वाट्याची वेगवेगळी भूक लागत नाही.

मग येतो मार्च. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाचा दंडक असा की शेवटच्या तिमाहीत अर्थसंकल्पाच्या ३३ टक्क्यांहून आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च होऊ नये. दंडक चांगला. तरी मार्चअखेरीला कचेऱ्यांतले दिवे रात्री उशिरापर्यंत का जळत असतात ते महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ३१ मार्चला रात्री मोबाईलवर रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कचेरीतून फोन: "मॅडम, काल जमा झालेल्या रकमेचं यूसी कधी देताय?" मला या माणसांचा राग येत नाही. त्यांनाही वरून कुणीतरी विचारलेलं असतं.

दुसरीकडे जावं म्हटलं तर पर्याय आहेत, पण ते या सेवेची जागा घेत नाहीत. सीएसआरचा कायदा २०१३ चा. मोठ्या नफ्यातल्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के द्यायचे. पैसे वेळेवर येतात, वागणूक सभ्य असते. पण प्रकल्प एक-दोन-तीन वर्षांचे, आणि आमची मुलं तीन वर्षांत बरी होऊन घरी जाणारी नाहीत. संस्थांना शेअर बाजारातून निधी उभारू देणाऱ्या सोशल स्टॉक एक्स्चेंजची घोषणा २०१९ च्या अर्थसंकल्पात झाली. तिथे नोंदणी करायला आधीच्या वर्षी किमान ५० लाखांचा खर्च दाखवावा लागतो. ज्यांना जमेल त्यांनी जावं. आमच्याकडे त्या अर्जातली कोष्टकं भरायला माणूस ठेवायचा तर आधी त्याचा पगार कोण देणार इथपासून सुरुवात.

राहिले देणगीदार. त्यांच्या बाबतीतही अर्थसंकल्पच आडवा येतो. २०२३ पासून नवीन करप्रणाली आपोआप लागू होणारी झाली आणि तीत देणगीवरची ८०जी ची करसूट नाही. दरवर्षी आईच्या स्मरणार्थ पाच हजार देणारे निवृत्त मास्तर अजूनही देतात. पण पगारदार तरुण मंडळी आता पावती मागत नाहीत, आणि पावती न मागणारे पुढच्या वर्षी बहुधा परत येत नाहीत. त्यातल्या त्यात एक दिलासा २०२५ च्या अर्थसंकल्पाने दिला. ज्यांचं एकूण उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षी ५ कोटींच्या आत होतं अशा संस्थांची आयकर नोंदणी पाचऐवजी दहा वर्षं चालेल. बातमी पाच ओळींची होती, कुठल्या चॅनेलने दाखवली नाही. मी मात्र त्या दिवशी आमच्या सीएंना पेढे दिले.

तर ही सेवा कुणी घ्यावी? ज्या संस्थेकडे किमान सहा-आठ महिन्यांचा खर्च रेटता येईल एवढी गंगाजळी, नाहीतर आमच्या काकांसारखा किराणावाला आहे, तिने जरूर घ्यावी. ज्या नव्या संस्थेने अनुदान मिळणार म्हणून जागा भाड्याने घेतली, माणसं नेमली, मुलं आणली, तिने जरा दमाने. हजेरीपट रोजच्या रोज लिहा. मुलांची यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाची ओळखपत्रं, आणि विशेष शिक्षकांची पुनर्वसन परिषदेची नोंदणी मुदतीत आहे ना ते तपासणीच्या आदल्या रात्री नको, जूनमध्येच बघून ठेवा. अनुदानाचं बँक खातं वेगळं ठेवा, त्यात देणगीचा एक रुपयाही मिसळू देऊ नका.

आणि जीएफआरचा नियम २३८ छापून घ्या. आवर्ती, म्हणजे दरवर्षी मिळणारं, अनुदान असेल तर आधीच्या वर्षाचं तात्पुरतं उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर नव्या वर्षाच्या मंजुरीतले पैसे सोडता येतात. लेखापरीक्षित हिशेब आणि पक्कं प्रमाणपत्र यांची अट ७५ टक्क्यांच्या पुढच्या रकमेला आहे. पक्कं प्रमाणपत्र द्यायला तर वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांची मुदत आहे. "ऑडिट झाल्याशिवाय काहीच नाही" असं जे टेबलावरून सांगतात ते नियमात नाही. म्हणून मी आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच तात्पुरतं प्रमाणपत्र पाठवते, सोबत नियमाची झेरॉक्स, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ, आणि पत्रात एकच वाक्य: सदर नियमानुसार पहिला हप्ता वितरित होण्यास विनंती आहे. पहिल्या वर्षी उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी फोन आला, "मॅडम, हा नियम कुठला काढलात?" त्या वर्षी पहिला हप्ता दिवाळीआधी पडला. माझ्या पत्रामुळे पडला की नव्या साहेबांमुळे ते देव जाणे, पण झेरॉक्सचा गठ्ठा मी करून ठेवला आहे. ज्यांना हवी त्यांनी घेऊन जा.